‘देव नाही तर नीती नाही’ या मेसेजला उत्तर

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. म्हणणं असं : नीती धर्मानेच शिकवली, वरून कुणी बघतंय ही भीती गेली की माणूस जनावर होतो, देव न मानणाऱ्या स्टालिनने ते दाखवून दिलं, म्हणून मुलांना आधी देवाचं भय शिकवा. पाठवणारी माणसं माझ्या जवळची आहेत, भली आहेत. म्हणूनच नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी भीतीचं बघू. सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांच्या भिशी चालतात. पद्मशाली, मुस्लिम, लिंगायत, बौद्ध अशा सगळ्या एकाच भिशीत असतात. जिचा नंबर पहिल्याच महिन्यात लागतो, तिच्या हातात सगळी रक्कम येते. ना करार, ना सही. तरी ती शेवटच्या महिन्यापर्यंत पैसे भरत राहते. घरात आजारपण निघालं तर शेजारीण तिचा हप्ता भरते, आणि मजुरी हातात आली की ती आधी तो फेडते. या बायकांचे देव वेगळे, स्वर्ग-नरक वेगळे. बौद्ध घरात तर जग निर्माण करणारा देवच नाही. नियम मात्र सगळ्यांचा एक. तो आला एकमेकींच्या गरजेतून, आणि उद्या पुन्हा त्याच उंबऱ्यावर जायचंय या जाणिवेतून. बुडवणारेही निघतात, हे खरं. पण त्यांच्या घरीही देव्हारा असतो. भीतीने त्यांना अडवलेलं नसतं.

‘नीती धर्मानेच शिकवली’ हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. मे 1947 मध्ये साने गुरुजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले. मागणी एकच होती : विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं करा. गुरुजी श्रद्धाळू होते. विरोध करणारेही श्रद्धाळूच. शास्त्र आणि परंपरा तेही पुढे करत होते. विठ्ठल दोघांचाही. मग खरं कुणाचं, हे ठरवायचं कशावरून? धर्मावरून म्हणाल, तर धर्म दोन्हीकडे होता. आज आपण गुरुजींच्या बाजूने उभे राहतो, कारण दारात अडवलेल्या माणसाचा अपमान आपल्याला कळतो. चोखोबांनी तो सहा शतकं आधी भोगला होता. धर्मातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे आपण ज्यावरून ठरवतो, ते धर्मातूनच आलं असं कसं म्हणता येईल? श्रद्धेने गुरुजींना बळ दिलं, हे मी मनापासून मानतो. पण बळ देणं वेगळं आणि बरं-वाईट ठरवणं वेगळं.

स्टालिनचे अत्याचार खरे आहेत आणि त्यांचं समर्थन होऊच शकत नाही. पण देवाधर्माचा आधार न घेणाऱ्यांत आपले आगरकरही येतात. जिवंतपणी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, तरी बालविवाह आणि विधवांच्या केशवपनाविरुद्ध लिहिणं त्यांनी सोडलं नाही. परलोकातल्या बक्षिसाची आशा त्यांना नव्हती.

राहिली मुलं. लॅरी नुची आणि एलियट टुरिएल या मानसशास्त्रज्ञांचा 1993 मधला एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या अत्यंत धार्मिक ख्रिस्ती आणि ज्यू घरांतल्या मुलांना त्यांनी विचारलं : देवाने मनाई केली नसती, तर विश्रांतीच्या पवित्र दिवशी काम केलेलं चाललं असतं का? बहुतेकांनी सांगितलं, चाललं असतं. आणि चोरी? ती तेव्हाही वाईटच, कारण त्यात समोरच्याचं नुकसान होतं. देवाचा धाक असलेल्या घरांतच वाढलेली मुलं होती ती. हाच प्रश्न आज संध्याकाळी आपापल्या मुलांना विचारून पाहा, आणि मग तो मेसेज पुढे पाठवायचा की नाही ते ठरवा.