खड्ड्याभोवती एक युरियाची गोण बांधली की झाली सुरक्षा?

आज माहिती अधिकारात मागितलेले कागद हातात पडले आणि ते वाचल्यापासून डोकं भणभणतंय, दुपारचं जेवण पण गेलं नाही. कागदात काय लिहिलंय माहितीये? आमच्या वाडीच्या रस्त्यावरच्या मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालनं पाणी जायच्या छोट्या पुलाच्या, कामाला बॅरिकेड लावले होते, रिफ्लेक्टरचे फलक लावले होते, रात्रीसाठी लाल दिवा होता, आणि त्या सगळ्याचं बिल रीतसर निघालंय. मी त्या रस्त्यानं दिवसातनं चार वेळा जातो. तिथे काय होतं ते मला विचारा ना. बांबूच्या दोन काठ्या, आणि त्यांना सुतळीनं बांधलेली युरियाची एक पांढरी गोण, ती पण मधनं फाटलेली. बस. दिवा नाही, फलक नाही, काही नाही.

त्या गोणीपलीकडे माझे काका पडले.

पहिल्यापासून सांगतो. कामाची वर्क ऑर्डर जानेवारीतली आहे, हे पण आता कागदावरनंच कळलं. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असे चार महिने कोरडे ठणठणीत होते, पर्‍या (आमचा ओढा) आटलेला होता, मोरीचं काम महिन्या-दीड महिन्यात आरामात झालं असतं. आणि जेसीबी कधी आला? मेच्या तिसऱ्या आठवड्यात! अहो कोकणातलं शेंबडं पोर पण सांगेल की मिरगाच्या, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसाच्या, आधी सगळं आवरायचं असतं, आम्ही घरं शाकारतो, लाकूडफाटा भरतो, पागोळ्यांची सोय बघतो, आणि ज्यांना सरकार रस्ते बांधायचा पगार देतं त्यांना हे कळत नाही? त्यात २०२५ ला पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला, दोन दिवसांत सगळीकडे धो धो. इकडे अर्धा रस्ता आडवा कापलेला, जुनी मोरी फोडून टाकलेली, नवीन मोरीच्या नुसत्या सळया उभ्या, आणि ठेकेदाराची माणसं सामान गुंडाळून गायब. पर्यायी रस्ता म्हणून बाजूला मातीचा भराव टाकलेला तो पहिल्या तीन दिवसांत वाहून गेला. एसटी वाडीपर्यंत यायची बंद झाली ती चार महिने. शाळेची पोरं तीन किलोमीटर चालत, छत्री एका हातात आणि चपला दुसऱ्या हातात.

११ जूनची रात्र, साडेआठ झाले असतील. लाईट गेलेली, आमच्याकडे पाऊस सुरू झाला की लाईट जातेच. काका तांडेल आहेत, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे प्रमुख, मासेमारीची बंदी चालू होती म्हणून दिवसभर बंदरावर जाळी दुरुस्त करत बसलेले, तिथनं ॲक्टिव्हा घेऊन घरी येत होते. वेग किती असणार? त्या चिखलात वीसच्या वर गाडी जातच नाही. पावसानं गोण खाली पडलेली, समोर काळं पाणी, कापलेला रस्ता कुठे संपतो ते दिसायचं काही साधनच नव्हतं. गाडीसकट आत. सहा फूट खोल, खाली कंबरभर गढूळ पाणी आणि त्यातनं वर आलेल्या त्या सळया. मी धावत गेलो तेव्हा टॉर्च मारून बघितलं, एक सळई त्यांच्या बरगडीपासून चार बोटांवर होती. चार बोटं! अजून झोपेत ती सळई दिसते मला.

पायाची नळी दोन ठिकाणी मोडली. १०८ आली, पण ती पर्‍याच्या पलीकडे उभी, अलीकडे येणार कशी? शेवटी घरातली प्लास्टिकची खुर्ची आणली, काकांना तीत बसवलं, पायाला फळी बांधली आणि आम्ही चौघांनी खुर्ची खांद्यावर घेऊन पर्‍यातनं पलीकडे नेली. पाणी मांडीपर्यंत. काका ओरडत पण नव्हते, नुसते दात आवळून माझा खांदा धरून बसलेले. ऑपरेशन झालं, रॉड टाकला, सगळं मिळून १ लाख ८० हजार गेले. १ ऑगस्टला बंदी उठली, होड्या बाहेर पडल्या, आणि आमचा तांडेल ओटीवर पाय लांब करून बसलेला. बोटीवर हलत्या फळीवर उभं राहायचं असतं हो, रॉड घातलेल्या पायानं कसं उभं राहणार? अख्खा हंगाम गेला. त्याची भरपाई कोणाच्या एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमापाच्या वहीत, लिहिलीये?

बरं, पोलिसात तक्रार द्यायला गेलो तर नोंद काय केली, तर चालकानं हयगयीनं गाडी चालवल्यामुळे अपघात. म्हणजे खड्डा खणणारा निर्दोष, खड्डा उघडा ठेवणारा निर्दोष, आणि खड्ड्यात पडणारा गुन्हेगार! मी तिथेच सांगितलं की साहेब, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १९८अ कलम आलंय, रस्त्याचं डिझाइन, बांधकाम नाहीतर देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड आहे. तर माझ्याकडे असं बघितलं जसं मी कुठली परकी भाषा बोलतोय. कायदा आहे पण लावायचा कोणी?

मग ऑफिसं. पहिल्या ऑफिसात सांगितलं हा रस्ता आमच्याकडे येत नाही, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणे रस्ता आमचा पण मोरी खर्चाच्या वेगळ्या हेडखाली मंजूर झालीये, तिकडे विचारा. तिसऱ्याकडे गेलो तर साहेब मीटिंगला. परत गेलो, साहेब साइटवर. परत गेलो, साहेब व्हिडिओ कॉन्फरन्सवर. आता माझं म्हणणं असं आहे की सामान्य माणसानं हे का शोधत बसायचं? ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, हायवे तिसऱ्याकडे, पाण्याची पाइपलाइन चौथ्याकडे, ही वाटणी तुमच्या सोयीची आहे, पडणाऱ्या माणसाला त्याच्याशी काय करायचंय? प्रधानमंत्री ग्रामसडकच्या रस्त्यांवर निदान बोर्ड तरी असतो, कामाची किंमत, ठेकेदार, पाच वर्षांची देखभाल कोणाकडे ते सगळं लिहिलेलं. आमच्या मोरीवर बोर्डच नव्हता. का नव्हता? कारण बोर्डवर नाव लागलं की लोक फोन करतात.

शेवटी दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज टाकला. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, मला मिळालं अपिलात गेल्यावर. आणि त्यात ती मापन पुस्तिका, म्हणजे एमबी. काम किती झालं ते साइटवर मोजून अभियंत्यानं त्यात लिहायचं, वरच्यानं तपासून सही करायची आणि मगच बिल, अशी सगळी पद्धत आहे. वाईट पद्धत नाहीये ही, कोणीतरी विचार करून बसवलेली आहे. पण आमच्या एमबीत मोजमापाची जी तारीख टाकलीये ना, त्या दिवशी आमच्याकडे इतका पाऊस होता की साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पाण्याखाली होता, दूधवाला आला नाही, पोस्टमन आला नाही, शाळा बंद होती. माझ्या फोनमध्ये त्या दिवसाचा व्हिडिओ आहे, तारखेसकट. त्या दिवशी म्हणे साहेब साइटवर येऊन टेप लावून मोजून गेले. कुठनं आले, होडीनं? कोणी बघितलं? ऑफिसात बसून आकडे भरलेत, दुसरं काय!

मला राग ठेकेदाराचा आहेच, पण त्याच्यापेक्षा जास्त राग या सहीचा आहे. ठेकेदार पैसे वाचवायला बघणारच, म्हणून तर त्याच्यावर देखरेख करणारा माणूस पगारावर ठेवलेला असतो. कॉंक्रीट पडतं तेव्हा तिथे उभं राहायचं, १५० मिलिमीटरचे क्यूब भरून घ्यायचे, सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडून ताकद बघायची, पाणी किती घातलं बघायचं. आमच्याकडे काय झालं, सप्टेंबरात उघडीप मिळाल्यावर परत माणसं आली आणि एका दुपारी मिक्सर लावून ओतून मोकळे, पाइपनं पाणी सोडतायत मिक्सरमध्ये, पार आमटीसारखं पातळ केलं म्हणजे पसरायला सोपं. मी विचारलं साहेब कुठे आहेत तर मुकादम म्हणाला, साहेबांना फोटो पाठवलाय. फोटोत कॉंक्रीटची ताकद दिसते का? तिथे एक पण जबाबदार माणूस उभा नव्हता, एक पण!

आणि कोकणात रस्ता टिकत नाही, पाऊस जास्त आहे, हे कारण तर मला ऐकवूच नका. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस इथे आजोबा-पणजोबांच्या काळापासून पडतोय, काल सुरू झालेला नाही. पाऊस रस्ता खात नाही, साचलेलं पाणी खातं. डोंगरबाजूला गटार काढलं नाही, मोरीचं तोंड दरडीच्या मातीनं बुजलं ते काढलं नाही, मध्ये उंच आणि कडेला उतार ठेवला नाही की पाणी डांबराखाली शिरणार आणि खालची खडी सुटणार, एवढं साधं आहे. पूर्वी गँगमन असायचे, आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, फावडं घेऊन गटारं उपसत जायचे. आता गटार उपसायला पण टेंडर, आणि ते निघतं ऑगस्टमध्ये. त्यात पाण्याच्या योजनेसाठी सगळ्या साइडपट्ट्या खणून ठेवल्या, पाइप टाकला, वरनं माती लोटली, ना दाबली ना मुरूम टाकला, पहिल्या पावसात चर खचला आणि समोरनं गाडी आली म्हणून एसटी जरा बाजूला झाली की चाक रुतलंच. नळ पाहिजे ना, पाहिजेच, आमच्या बायकांनी आयुष्यभर पाणी वाहिलंय. पण खणलेला रस्ता परत होता तसा करून देणं हे त्याच कामात येतं की नाही?

आणि हे काय एका वाडीचं रडगाणं नाहीये. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र विसरलात काय? महाडला सावित्रीवरचा पूल गेला, १९२८ चा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल, दोन एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. त्या पुलाची त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी होऊन वाहतुकीला ठीक आहे असं सांगितलेलं होतं! तपासणी झालेली होती, कागद तयार होता, आणि माणसं गेली. मग नवीन पूल १६५ दिवसांत उभा केला. म्हणजे मनात आणलं तर होतं, पण त्यासाठी आधी माणसं वाहून जावी लागतात का? मुंबई-गोवा हायवे २०११ पासून चाललाय, तेव्हा जन्मलेली पोरं आता दहावीला आली. १६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर चालू कामातच उड्डाणपूल कोसळला, नशीब म्हणून कोणी दगावलं नाही. दरवर्षी गणपतीच्या आधी मंत्र्यांचा पाहणी दौरा, खड्डे भरायची तारीख, आणि चाकरमानी आले की तेच खड्डे. आमचा जीव नशिबावर सोडलेला आहे सगळ्यांनी.

एक गोष्ट आपल्याच माणसांना पण सांगायचीये, राग आला तरी चालेल. मी मोरीचं काम थांबवा, आधी बॅरिकेड लावा असं बोललो तेव्हा आपल्यातलेच चार जण म्हणाले, गप रे, काम अडवलंस तर निधी परत जाईल. ही भीती घालूनच आपल्याला गप्प बसवतात. आणि ठेकेदार कोणाचा तरी मेहुणा असतो, कोणाच्या तरी वाडीतला असतो, शिमग्याला पालखीला खांदा द्यायला येतो, मग त्याला बोलायचं कसं? असं कसं म्हणता? पालखीला खांदा दिला म्हणून सळया उघड्या ठेवायचा परवाना मिळतो काय त्याला? माझ्या काकांच्या जागी शाळेतनं येणारं पोर असतं तर?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलंय, रस्त्यावरच्या खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस गेला तर वारसांना सहा लाख, जखमी झाला तर पन्नास हजार ते अडीच लाख, आणि ते पैसे जबाबदार अधिकारी आणि ठेकेदारांकडनं वसूल करायचे. वाचून मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. आमचा अर्ज मी त्याच आधारावर दिलाय, बघू त्याचं काय करतात. पैसे तर पाहिजेतच, पण त्याआधी मला त्या मापन पुस्तिकेवर सही करणारा माणूस समोर उभा पाहिजे. त्यानं आमच्या पर्‍यावर यावं आणि बॅरिकेड कुठे लावले होते ती जागा बोटानं दाखवावी.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी ती एमबीची झेरॉक्स वाचून दाखवणार आहे, तारखेचा व्हिडिओ पण दाखवणार, आणि माहितीच्या अधिकारातच मोरीच्या कॉंक्रीटचा नमुना काढून मागणार आहे, कायद्यात तशी सोय आहे. वाडीतल्या सगळ्यांनी या, बायकांनी पण या, मुंबईकरांनी शक्य असेल तर रजा टाकून या. काका येणार आहेत. त्यांना अजून फार वेळ उभं राहवत नाही, तीच खुर्ची घेऊन येतोय.