चकलीचं सीमोल्लंघन

परदेशातल्या लेकीला टपालाने फराळ पाठवायचा, तर खरं काम चकल्या तळून झाल्यावर सुरू होतं. तळणीचा वास घरातून जायच्या आत सीएन २३ नावाचा कस्टमचा कागद पुढ्यात येतो आणि विचारतो : आत काय आहे, किती नग, निव्वळ वजन किती, किंमत काय, कुठल्या देशात बनलं, आणि जकातीच्या कोष्टकातला क्रमांक कोणता?

‘फराळ’ एवढंच लिहून सुटायचा मोह भल्याभल्यांना होतो. तो आवरावा. हा कागद काउंटरवरच्या मॅडमसाठी नसतोच. तो पलीकडच्या कस्टमवाल्यासाठी असतो आणि त्या बापड्याने जन्मात कडबोळं पाहिलेलं नसतं. त्याला इंग्रजीत, एका ओळीत एकच पदार्थ, असं सांगावं लागतं : भाजणीच्या पिठाचं तळलेलं खारं, ५०० ग्रॅम, ३०० रुपये; बेसन, साखर, तुपाचे लाडू, १२ नग, ६०० ग्रॅम, ४८० रुपये. निव्वळ वजन म्हणजे डब्याशिवायचं. घरोघरी मात्र चिवडा डब्यासकट मोजला जातो. मग सगळ्या ओळींची बेरीज खोक्याच्या एकूण वजनालाच जाऊन भिडते आणि काउंटरवरचा काटा आपल्याकडे संशयाने बघतो.

किमतीच्या रकान्यात ‘शून्य’ही चालत नाही. आईच्या हातच्या करंजीचं मोल करता येत नाही हे खरं, पण कस्टमला ते करून हवं असतं. बाजारभाव लावा आणि भावना बाजूला ठेवा.

क्रमांकांचं प्रकरण तर फारच मनोरंजक. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपले. पापडाला स्वतःचा मानाचा क्रमांक आहे, १९०५ ९० ४०. चिवडा मात्र २१०६ खाली ढकललेला. त्या शीर्षकाचा अर्थ ‘इतरत्र न सांगितलेले आणि इतरत्र समाविष्ट नसलेले खाद्यपदार्थ’. शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, सगळ्यांना पोटात घेणाऱ्या पदार्थाला जगात कुठेच जागा नसावी, हा अन्याय माझ्याने सहन होत नाही.

दोन किलोच्या आतलं छोटं पाकीट असेल आणि किंमत ३०० एसडीआरच्या आत, तर सीएन २२ हे धाकटं लेबल पुरतं. एसडीआर हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा हिशेबाचा एकक. तो कोणाच्याच खिशात नसतो, तरी मर्यादा त्यातच सांगतात. टपालाची जागतिक संघटना १८७४ पासून बर्नमध्ये, कस्टमची ब्रुसेल्समध्ये, आणि दोघींची मिळून एक संपर्क समिती. म्हणजे बोलणी होतात.

कागदावरचं सगळं संगणकातही भरायचं असतं, कारण खोक्याची कुंडली खोक्याआधी पोचावी लागते. अमेरिकेने तसा कायदा २०१८ मध्ये केला, युरोपीय संघाने १५ मार्च २०२१ पासून अट घातली. माहिती गेली नाही किंवा अर्धवट गेली, तर पार्सल इकडेच अडकतं. म्हणून यादी घरूनच इंग्रजीत टाइप करून न्यावी. मागे रांग खोळंबलेली असताना अनारशाचं स्पेलिंग भल्या माणसालाही सुचत नाही.

अनारशावरून आठवलं, खसखस! दुबई आणि सिंगापूरला ती बंदी असलेल्या अमली मालात मोडते. तिथे जाणाऱ्या खोक्यात अनारसे नकोत, आणि करंजीचं सारणही बिनखसखशीचं करा. उलट अमेरिकेत घरी केलेला खाऊ एका माणसाने दुसऱ्याला भेट म्हणून पाठवला, तर अन्न खात्याला आगाऊ सूचना द्यावी लागत नाही. अत्तर आणि फुलबाज्या कुठेच नकोत. शकुनाची एकशे एक रुपयांची पाकिटंही नकोत. विमा न उतरवलेल्या टपालात नोटा-नाणी घालता येत नाहीत.

मुंबईचा माल बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक कार्यालयाच्या हाताखालून जातो आणि या दोन खात्यांचा संसार तिथे बघावा. खोका पोस्टाच्या ताब्यात, अधिकार कस्टमचा. उघडायचा पोस्टाच्या माणसाने, बघायचा कस्टमच्या अधिकाऱ्याने, पुन्हा बांधायचा पोस्टानेच. बांधणाऱ्याला तुमची रचना ठाऊक नसते. वर ठेवलेल्या शंकरपाळ्या खाली गेल्या की पलीकडे रवा पोचतो. उपाय एकच. प्रत्येक पदार्थ वेगळ्या सीलबंद पाकिटात, चकली कडक डब्यात, मोकळ्या जागेत कागदाचे बोळे. लोणच्याला तर मी परवानगीच देणार नाही. एका बरणीचं तेल सुटलं की सगळी टपालाची थैली नासते.

ट्रॅकिंगवर ‘कस्टमने रोखले’ असं दिसलं की घरात सुतक येतं. पुष्कळदा त्याचा अर्थ इतकाच की पार्सल तपासणीसाठी तिकडच्या कस्टमपुढे ठेवलंय. ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतच्या भेटीला आयात कर नाही. त्यापुढे गेलात की कर लागू शकतो, आणि वर टपाल कंपनीचं हाताळणी शुल्क.

वेळेचं म्हणाल, तर फराळाने दसऱ्यालाच सीमा ओलांडावी हे उत्तम. तरी भरवसा नाहीच. २०२५ मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची जकातमाफी २९ ऑगस्टपासून काढली. जकात गोळा कोणी करायची आणि भरायची कशी, हेच स्पष्ट होईना. आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडचं बुकिंग आवरतं घेतलं, आणि सगळं पुन्हा सुरू झालं ते १५ ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर आल्यावर.

आपल्याकडेही नियम कमी रसाळ नाहीत. डिसेंबर २०१९ पासून परदेशातून टपालाने ‘भेट’ म्हणून बिनजकात फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी येऊ शकते. राखी, हं. राखीसोबतची भेट नाही.

पार्सलच्या कागदावर तळाशी एक प्रश्न असतो, तो कोणी वाचत नाही : पोचलं नाही तर काय करायचं? ‘परत पाठवा’वर खूण केलीत, तर परतीचा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. ‘सोडून द्या’वर केलीत, तर लाडवांवर पाणी. बहुतेकांच्या हातून खूण ‘परत पाठवा’वरच होते. मग दोन महिन्यांनी तुमचाच चिवडा परदेशातून आलेला माल म्हणून बॅलार्ड इस्टेटला कस्टमपुढे उभा राहतो.