पोरांच्या गोळ्यांना हात लावू नका

सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला, 'हल्लीची कॉलेजची मुलं डिप्रेशनच्या गोळ्या चॉकलेटसारख्या खातात.' खाली अंगठेच अंगठे. दिवसभर गप्प बसायचा प्रयत्न केला, नाही जमलं.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दुसऱ्या वर्षी विषय राहिले, मग झोप उडाली, मेसला जाणं सुटलं, ताईचे फोन उचलेना. रूममेटने कळवलं म्हणून आम्हाला समजलं. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनवरची गोळी सुरू केली. आधी नुसती मळमळ, फरक काहीच नाही. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. पोराने ते दिवस दात-ओठ खाऊन काढले. हळूहळू जेवू लागला, मित्रांत बसू लागला.

गणपतीत घरी आला आणि त्याच्या काकांना बॅगेत पाकीट दिसलं. 'सवय लागेल, फेकून दे. पहाटे उठून पळायला जा.' वडीलधाऱ्यांपुढे काय बोलणार? त्याने गोळी त्याच दिवशी बंद केली. मग चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, रात्र रात्र जाग. आणि हेच लोक म्हणाले, 'बघा, सवय लागलीच होती!'

अहो, ती गोळी एकदम तोडल्यामुळे होतं ते! डॉक्टर डोस हळूहळू उतरवत आणतात, तो याचसाठी. व्यसन लागलेला माणूस मागून मागून घेतो, जास्त जास्त घेतो. आमचं पोर तर ती लपवत होतं, काकांच्या एका शब्दावर सोडून बसलं.

काही डॉक्टर पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून मोकळे होतात, हे खरंय. उदास झालेल्या प्रत्येक मुलाला गोळी लागत नाही, हेही खरं. आणि पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीला कधी कधी जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. पण म्हणून तर घरच्यांनी जवळ राहायचं ना? पाकीट फेकून काय साधतं?

कॉलेजांचं तर बोलायलाच नको. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवा, असं सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये सांगितलंय. भाच्याच्या कॉलेजात ते काम एका प्राध्यापकांच्या गळ्यात मारलंय, तेच त्याचे पेपरही तपासतात. त्यांच्यासमोर कोण मन मोकळं करणार?

काकांचं वाईट चिंतायचं मनात नव्हतं, मला माहितीये. मुलावर जीव आहे त्यांचा. पण त्या प्रकरणात भाच्याचे बॅकलॉगचे पेपर बुडाले. गोळी पुन्हा सुरू झाली, पुन्हा तीच मळमळ, पुन्हा वाट बघणं. हे सगळं त्याला एकट्याला सोसावं लागलं, फॉरवर्ड करणाऱ्यांना नाही.

14416 हा सरकारचा टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि पुण्यातल्या कुठल्या मुलाला-मुलीला डॉक्टरांकडे एकट्याने जायची भीती वाटत असेल तर मला मेसेज करा. मी सोबत येईन. घरी कुणाला सांगणार नाही.