माघ वद्य सप्तमी

घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार होती आणि आजोबांची मृत्युतारीख कुणालाच आठवत नव्हती. शोधायचं काम अर्थातच निवृत्त माणसाच्या, म्हणजे माझ्या गळ्यात पडलं. नव्वदीला टेकलेल्या आत्याला फोन लावला. ती ताडकन म्हणाली, "माघ वद्य सप्तमी, शके 1878." जन्मभर श्राद्धाचा स्वयंपाक रांधलेल्या बाईकडून तारखेची अपेक्षा करणं चूकच.

शकात 78 मिळवले की इसवी सन, एवढं शाळेतलं आठवत होतं. उत्तर आलं 1956. एका जुन्या ग्रंथालयात त्या वर्षीच्या फेब्रुवारीची बांधीव फाईल मागवली. पानं पोह्याच्या पापडासारखी. उलटलं की कोपरा हातात. फोटो काढायचा नाही, पेन चालणार नाही, फक्त पेन्सिल. शिंकेलाही बंदी असावी, कारण माझ्या प्रत्येक शिंकेला ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघत.

अंकांत निधन शोधायचं कुठे? मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून सगळा मुलूख पेटलेला. 6 फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, तिथे माझी दुपार गेली. भानावर येऊन निधनवार्तांकडे वळलो, तर सगळे अल्पशा आजाराने गेलेले आणि सगळे मनमिळाऊ. खडूस माणसं त्या काळी मरतच नसावीत. त्यात आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. गोविंद विष्णू सापडले की वाटे हेच, मग कळे की ते वाईचे, आपले नव्हेत.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांना माझी दया आली. "अहो, शकाचं वर्ष चैत्रात बदलतं. माघातला माणूस ना? मग 79 मिळवा!"

म्हणजे मी ज्या अंकांत आजोबांचं निधन शोधत होतो, ते अंक स्वतः आजोबा सकाळच्या चहाबरोबर वाचत असणार.

फेब्रुवारी 1957. आता निवडणुकीची धामधूम. शेवटी दोन उमेदवारांच्या जाहिरातींच्या मध्ये दाटीवाटीने बसलेले आजोबा सापडले. 'पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक सून व एक नातू असा परिवार आहे.' तीन मुली गायब! जाहिरात मोठ्या काकांनी दिली होती आणि शब्दागणिक पैसे पडत, असं घरात सांगतात.

पेन्सिलीने उतरवलेला कागद घेऊन धडधडत्या छातीने आत्याकडे गेलो. तिने तो वाचलासुद्धा नाही. उठली, कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि पिवळं पडलेलं कात्रण माझ्यापुढे ठेवलं. तीच जाहिरात. वर तारीखसुद्धा लिहिलेली.

"अगं, मग तारीख का नाही सांगितलीस?"

"तू कधी गेले ते विचारलंस. कात्रण आहे का, ते कुठे विचारलंस?"

'दोन मुलगे'च्या पुढे समासात निळ्या शाईने, शाळकरी वळणात लिहिलं होतं: 'आणि तीन मुली.'