पंचनामा न झालेले मृत्यू

समृद्धी महामार्गावर मोठा अपघात झाला की आमच्या गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वादाला तोंड फुटतं. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 जण गेले, तेव्हा टायर, वेग, चालकाची डुलकी इथपासून त्या जागेच्या दोषापर्यंत सगळं बोलून झालं. टोरांटोत बसून मीही त्यात तोंड घालतो. माझा मुद्दा मात्र कुणाला फारसा रुचत नाही. ज्या मृत्यूंचा पंचनामा झाला, तेवढ्यांवरूनच आपण भांडत असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यूंचा आकडा देतो. तो पोलीस ठाण्यातून येतो. 2005 साली तो तीन लाखांच्या आसपास होता. त्याच वर्षासाठी घरोघरी विचारून काढलेला अंदाज निघाला 6 लाख 48 हजार. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं पोलिसांच्या कागदावर आलीच नाहीत. रस्त्यावरचे मृत्यू तरी नीट मोजले जात असतील असं वाटतं, पण तेही पोलिसांच्या आकड्याच्या दीडपटीहून जास्त भरले. आणि सर्पदंश? जवळपास 46 हजार, सरकारी रुग्णालयांच्या आकड्याच्या तिसापटींहून अधिक. रात्रीची वीज आली म्हणून पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलेल्या माणसाला पान लागतं, म्हणजे साप चावतो, दवाखान्यात पोचायच्या आतच तो जातो, मग दवाखान्याच्या वहीत तो येणार कसा?

हा अंदाज ‘मिलियन डेथ स्टडी’चा. तो आमच्याच टोरांटोतल्या प्रभात झा यांच्या संशोधक गटाने केला म्हटल्यावर ग्रुपवर ठरलेला शेरा येतो: परदेशात बसून देशाची बदनामी. पण घरी जाऊन विचारणारी माणसं कोण होती? भारताच्या महानिबंधक कार्यालयाची, म्हणजे जनगणना करणाऱ्याच खात्याची. देशभरातली हजारो गावं आणि वस्त्या नमुना म्हणून निवडलेल्या, तिथे मृत्यू झाला की घरच्यांना सगळी हकिगत विचारायची, ती त्यांच्या भाषेत लिहून घ्यायची, आणि दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता कारण ठरवायचं. याला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. कर्करोग कुठला होता हे यातून चुकू शकतं, पण विहिरीत बुडून गेलेला माणूस कशाने गेला हे त्याच्या बायकोपेक्षा कोण जास्त जाणतं?

त्या अभ्यासात अपघाती मृत्यूंपैकी 65 टक्के तीन कारणांनी झाले होते: रस्ता, पडणं आणि बुडणं. यातल्या पडण्यावर कुणी चर्चा करत नाही. म्हातारी न्हाणीघरात घसरते, खुबा मोडतो, अंथरूण धरते, दोनतीन महिन्यांनी न्यूमोनियाने जाते. दाखल्यावर येतं ‘वृद्धापकाळ’. इथे ओंटारिओत अशी आजी गेली तर डॉक्टरला कायद्यानेच कॉरोनरला, म्हणजे अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवावं लागतं, कारण सुरुवात पडण्यापासून झालेली असते. कॉरोनर इथे डॉक्टरच असतो. ब्रिटिश कोलंबियात 2021 च्या उष्णतेच्या लाटेत 619 माणसं गेली हे इतकं नेमकं सांगता आलं, ते अशाच तपासामुळे.

म्हणून ‘आपल्याकडेही कॉरोनर आणा’ असं मी म्हणणार नाही. भारतात इतके मृत्यू घरीच होतात की प्रत्येकामागे डॉक्टर पाठवणं हे स्वप्नरंजन झालं. मुंबईत कॉरोनर होता, तोही केव्हाच बंद झाला. जिथे सगळे मोजता येत नाहीत तिथे निवडून नीट मोजणं हाच शहाणपणा, आणि भारताने तो स्वतः करून दाखवला आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने रुग्णालयांना मृत्यूच्या कारणाचा दाखला मोफत देणं बंधनकारक झालं, नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं. चांगलंच आहे. पण दोन्हींचा भर दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांवर.

महाराष्ट्रात लोकांना कागद करायला लावणारी खरी गोष्ट वेगळी आहे: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना. साप चावला, वीज पडली, विहिरीत पडला, तर दोन लाख मिळतात, म्हणून घरचे पंचनामा आणि शवविच्छेदन करून घेतात. पैशामागे कागद येतो, यात गैर काही नाही. पण योजना सातबाऱ्याला बांधलेली आणि वयाची मर्यादा 75. त्याच बांधावर साप चावून गेलेल्या शेतमजूर बाईच्या घरच्यांनी तालुक्याला खेटे कशासाठी घालायचे? आणि 78 वर्षांची आजी घसरून गेली तर तिचा पंचनामा कोण मागणार?

मृत्यू नोंदीच्या सरकारी नमुन्यात मृत माणूस तंबाखू खात होता का, विडी ओढत होता का, सुपारी खात होता का, दारू पीत होता का, आणि किती वर्षं, हे सगळं विचारलेलं असतं. आदल्या सहा महिन्यांत तो कुठे पडला होता का, एवढा एक रकाना त्यात वाढवायला दिल्लीला किती बैठका लागतील?