हेडरेस्ट टेकायला नसतं

वाकडला सिग्नलला उभा होतो आणि मागून एका टेम्पोने ढकललं. ढकललंच म्हणायचं, धडक म्हणण्याइतकंही नव्हतं. बंपरला ओरखडा. 'काय नाय झालं साहेब,' टेम्पोवाला म्हणाला. मलाही पटलं. दुसऱ्या दिवशी दाढी करताना मान डावीकडे वळेना. तीन आठवडे पट्टा, शेक, आणि 'एवढ्याशा धक्क्याने?' हा प्रश्न घरात, ऑफिसात, सोसायटीच्या गेटवरही.

म्हणून थोडं गणित. ताशी 10 किमी म्हणजे सेकंदाला साधारण 2.8 मीटर. उभ्या गाडीला सेकंदाच्या दहाव्या भागात एवढा वेग मिळाला, तर त्वरण भरतं गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ तिप्पट. डोकं साडेचार-पाच किलोचं, आणि ते पेललंय सात लहानशा मणक्यांनी.

'झटक्याने डोकं मागे गेलं' असं आपण म्हणतो. तसं होत नाही. सीटची पाठ धडाला पुढे रेटते आणि डोकं जडत्वामुळे होतं तिथेच राहतं. एसटी अचानक सुटली की पाय पुढे जातात आणि आपण मागे राहतो, तसंच. पहिल्या काही क्षणांत मानेचा खालचा भाग मागे वाकतो, वरचा पुढे, आणि अख्खी मान इंग्रजी एस अक्षरासारखी होते. एरवी मान अशी कधी वाकत नाही. मणक्यांमागचे छोटे सांधे चिमटतात, अस्थिबंध ताणले जातात. स्नायू सावरेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आणि एक्स-रेत बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, त्यामुळे दुखणाऱ्यालाच खोटं ठरवणं सोपं.

बंपर बघून मानेचा अंदाज बांधणं तर निव्वळ खुळचटपणा. पत्रा चेपला तर धक्का थोडा जास्त वेळात विभागला जातो. बंपर कडक राहिला, चेपलाच नाही, तर तो वाचलेला पत्रा तुमच्या मानेला महाग पडू शकतो.

यावरचा इलाज आपल्या डोक्यामागेच आहे. अमेरिकेत 1 जानेवारी 1969 पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटना हेडरेस्ट सक्तीचं झालं, ते कुणाला डुलकी काढता यावी म्हणून नाही! धड पुढे जाताना डोक्यालाही बरोबर न्यायचं, हे त्याचं काम. त्यासाठी त्याचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या पातळीत हवा आणि मधलं अंतर चार-पाच सेंटिमीटरच्या आत. माझं हेडरेस्ट शोरूममधून आलं तसंच तळाला होतं, मानेच्या मागे. वर मी पाठीशी जाडजूड उशी ठेवायचो, म्हणजे डोकं आणखी चार बोटं पुढे. सहा वर्षं गाडी चालवली, पण ते बटण दाबून वर होतं हे फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितल्यावर कळलं.

परवा मित्राच्या गाडीत मागे बसलो. हेडरेस्ट कुठेत विचारलं, तर म्हणाला, "माळ्यावर ठेवलीत. आरशात मागचं दिसत नव्हतं रे."