आधी आपल्या मेंबरांचे कान धरा

आज सकाळी आपल्या ग्रुपवर एकाने टाकलं, "तेल-गॅसवाल्यांच्या असोसिएशनचा प्रेसिडेंट व्हायला काय लागतं? टाय आणि निर्लज्जपणा." खाली इमोजींचा नुसता पाऊस. मला नाही हसू आलं. टाकणाऱ्याच्या स्वतःच्या घरी घर तापवायची गॅसची फर्नेस रात्रंदिवस घुरघुरतेय, ते जाऊ दे. पण त्या खुर्चीचं काम काय असतं यावर एक अक्षर नाही, सगळे आपले खी खी करून मोकळे.

मी अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या उत्तरेला वेल्ड काउंटीत राहते. कोलोरॅडोच्या तेलातलं चार पंचमांशाहून जास्त तेल या एका काउंटीतून निघतं. घरं आणि तेल-गॅसच्या विहिरी अशा शेजारी शेजारी की खिडकीतून बघायची गरजच नाही, वासाने कळतं.

१७ एप्रिल २०१७ ला जवळच्या फायरस्टोनमध्ये एक घर उडालं. बेसमेंटमध्ये वॉटर हीटर बदलत होते, दोघं जागच्या जागी गेले. कारण काय निघालं, तर दोनशे फुटांच्या आत असलेल्या जुन्या विहिरीची एक इंचाची फ्लोलाइन, म्हणजे विहिरीतून तेल-गॅस नेणारा पाइप, कापलेली, पण विहिरीला अजून जोडलेलीच. बंद असलेली विहीर परत सुरू केली आणि गॅस मातीतून घरात. ज्या कंपनीची विहीर त्यांनी मग तीन हजारांहून जास्त विहिरी बंद ठेवल्या. आधी का नाही बघितलं रे बाबांनो?

त्यानंतर आमच्याकडे एका कंपनीची मीटिंग झाली, शाळेच्या हॉलमध्ये. मीही गेले होते. शेजारच्या आजीने, ऐंशीच्या पुढची बाई, हात वर करून एवढंच विचारलं की माझ्या घराखालून पाइप जातो का? इस्त्रीच्या शर्टातला तो मुलगा गोड हसला, म्हणाला, ईमेल पाठवतो. आजीने स्वतःच्या हाताने कागदावर ईमेल आयडी लिहून दिला, एक एक अक्षर मोठं काढून. नाही आलं काही.

आता मुद्द्यावर येते. कोलोरॅडो ऑइल अँड गॅस असोसिएशनच्या प्रमुखपदी २०१५ पर्यंत टिशा शुलर होत्या, त्या मुळात पर्यावरण सल्लागार. त्यांच्यानंतर डॅन हेली आले, ते डेन्व्हर पोस्टच्या संपादकीय पानाचे संपादक होते. म्हणजे दोघंही ड्रिलिंगवाले नाहीत, लोकांशी बोलता येणारे. शुलरबाईंना तर धमक्यासुद्धा आल्या, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. म्हणून म्हणते, निर्लज्ज वगैरे म्हणणं सोप्पं आहे, तिथे बसून रोज शिव्या खाऊन बघा.

पण मग मला राग येतो तो इथे. बाहेर बोलायला माणूस आणला, आत कोण बोलणार? आपल्या सोसायटीचा चांगला सेक्रेटरी कसा, पोलिसांसमोर मेंबरची बाजू घेतो आणि वर येऊन त्याच मेंबरला झापतो. इथे झापण्याचा भागच गायब! वर्गणी मोठ्या कंपन्यांची, मग त्यांना म्हणायचं कसं की बाबा, पाइपचे नकाशे काढ आधी. फायरस्टोननंतर महिन्याच्या आत राज्याच्या विधिमंडळात या पाइपांच्या नकाशांचं बिल आलं, तर बिलाच्या विरोधकांनी बोलून बोलून वेळ संपवला आणि बिल तिथेच मेलं. आजीच्या प्रश्नाचं उत्तर त्या बिलात होतं हो!

आणि जिंकले तरी काय मोठं? लाँगमाँट आणि फोर्ट कॉलिन्स या शहरांनी मतदानाने फ्रॅकिंग (दाबाने पाणी सोडून खडक फोडून तेल-गॅस काढणं) अडवलं, असोसिएशन कोर्टात गेलं, २०१६ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात जिंकलं. २०१८ ला नवीन विहिरी घरांपासून अडीच हजार फूट लांब ठेवायचा प्रस्ताव, प्रपोझिशन ११२, तोही पाडला, पाण्यासारखा पैसा ओतून. आणि पाच-सहा महिन्यांत, एप्रिल २०१९ ला, नवीन कायद्याने गावांना विहिरींवर नियम करायचे अधिकार दिले. कोर्टात जिंकले आणि लोकांत हरले, दुसरं काय. त्या मुलाने एक ईमेल टाकलं असतं ना, तर आमच्या गल्लीतली दोन-चार मतं तरी फिरली असती, आजीचं तर नक्की. तिचा नवरा याच धंद्यात होता.

बरं, मान्य, इथल्या शाळा-रस्त्यांचा पैसा याच विहिरींच्या टॅक्समधून येतो. आणि सगळ्याच कंपन्या तशा नाहीत, हेही मान्य. म्हणूनच तर जास्त चीड येते, चांगल्या कंपन्यांनी निष्काळजी मेंबरच्या वाटणीच्या शिव्या का खायच्या?

आपल्या ग्रुपवर या धंद्यात काम करणारे निदान पाच-सहा जण आहेत, मला माहितीये कोण ते, सकाळी इमोजी टाकणाऱ्यांत तुम्हीपण होतात. तुमची कंपनी असोसिएशनला वर्गणी भरते. मग विचारा की ऑफिसात, नियम मोडणाऱ्या मेंबरला आजवर कधी बाहेर काढलंय का. आणि उत्तर मिळालं तर इथे खाली लिहा, प्लीज, इनबॉक्समध्ये नको.